‘असतं’चं इंग्रजी: जळगावातल्या बारा संध्याकाळच्या इफ-बॅचबद्दल

इंग्रजी व्याकरणाच्या क्लासांना जळगावात तोटा नाही. धुळ्या-नंदुरबारलाही स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक अभ्यासिकेखाली एखादा बोर्ड दिसतोच. बहुतेक ठिकाणी कंडिशनलचा, म्हणजे जर-तरच्या वाक्यांचा, धडा मात्र दोन तासांत उरकतात. फळ्यावर झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असा चार ओळींचा तक्ता काढायचा, प्रत्येकाखाली एक वाक्य लिहायचं, ‘पाठ करा’ म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. सबजंक्टिव्हच्या, म्हणजे कल्पना, मागणी किंवा इच्छा सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाच्या, वाट्याला तर ‘इफ आय वेर’ एवढं एकच वाक्य येतं. मुलं तक्ता पाठ करतात आणि पेपरात चुकीचं ‘इफ आय वुड हॅव स्टडीड, आय वुड हॅव पास्ड’ लिहून येतात.

जळगावच्या जुन्या भागात एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर चालणारी ही बॅच फक्त याच दोन गोष्टींना बारा संध्याकाळ देते. रोज सात ते साडेआठ, फी बाराशे रुपये, एका वेळी पंचवीस-तीस मुलं. झेरॉक्सच्या चोवीस पानी नोट्स फीमध्येच मिळतात. एका धड्यासाठी बाराशे रुपये कशाला, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. पण हा धडा ज्यांचा कच्चा आहे, त्यांनी पैसे आणि वेळ दोन्ही घालावेत अशी ही बॅच आहे. तिच्यात उणिवाही आहेत, त्या पुढे स्पष्ट लिहिल्या आहेत.

पहिल्या संध्याकाळी सुरुवातीला इंग्रजीचं एकही वाक्य फळ्यावर येत नाही, आणि बॅचची खरी ताकद तिथेच आहे. सर मराठीपासून सुरुवात करतात. ‘पाऊस पडला तर पेरणी करू’ हे वाक्य लिहितात आणि विचारतात, यात ‘जर’ कुठे आहे? नाही. तरी वाक्य पूर्ण आहे. आता ‘तर’ काढा: ‘जर पाऊस पडला पेरणी करू.’ हे मराठी राहत नाही. मराठीत ‘जर’ गळतं, ‘तर’ गळत नाही. इंग्रजीत नेमकं उलट आहे. ‘इफ’ जागेवर हवंच, आणि ‘देन’ बहुतेक वेळा लागतच नाही. ‘इफ इट रेन्स, वुई विल सो’ एवढं पुरतं. खानदेशातल्या मुलांच्या निबंधात प्रत्येक इफनंतर हटकून येणारं ‘देन’ कुठून येतं, ते इथे पाच मिनिटांत कळतं. ‘तर’चं ओझं ते इंग्रजीतही वाहत असतात. ‘इफ’ गळायची मुभा एकाच ठिकाणी आहे, ‘हॅड आय नोन’सारख्या उलट्या रचनेत. ती खूप पुढे येते.

त्याच संध्याकाळी दुसरी गाठही सुटते. ‘पाऊस पडला तर’मधलं ‘पडला’ दिसायला भूतकाळी, पण पाऊस अजून यायचाय. इंग्रजी तिथे वर्तमानकाळाचं रूप घेतं, ‘रेन्स’. मराठीच्या चालीने ‘इफ इट रेन्ड’ लिहिलं की अर्थ बदलतो, पावसाची शक्यताच कमी वाटायला लागते. हिंदीच्या ‘बारिश होगी तो’ या चालीने ‘इफ इट विल रेन’ लिहिलं तर ते चुकीचंच. जळगावचा विद्यार्थी घरी मराठी किंवा अहिराणी आणि बाजारात हिंदी बोलतो, त्यामुळे या दोन्ही चुका एकाच वहीत सापडतात. ‘इफ’च्या भागात ‘विल’ चालतं ते फक्त विनंती किंवा तयारीच्या अर्थाने: ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ म्हणजे ‘जरा थांबता का’. हा अपवाद सर सांगतात, पण परीक्षेत त्याच्या वाट्याला जाऊ नका असंही बजावतात. हा सल्ला योग्य आहे.

तिसऱ्या ते सहाव्या संध्याकाळपर्यंत ‘असतं’ चालतं, आणि या चार दिवसांसाठी बॅच घ्यावी. पद्धत अशी. लाँगबुकचं पान उभं तीन भागांत दुमडायचं. डाव्या घडीत मराठी वाक्य, मधल्या घडीत फक्त एक शब्द, उजव्या घडीत इंग्रजी. मराठी वाक्यात ‘असतं, असता, असती, असतो, नसतं’ यांपैकी काही आलं तर त्याखाली लाल रेघ मारायची. रेघ नसेल तर गोष्ट खरी किंवा शक्य आहे, इफच्या भागात साधा वर्तमानकाळ घ्या. रेघ असेल तर गोष्ट घडलेली नाही किंवा खरी नाही. मग मधल्या घडीत ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, ‘आज’ किंवा ‘तेव्हा’. ते लिहिल्याशिवाय उजव्या घडीत पेन टेकवायचं नाही.

फळ्यावर येणारं एक वाक्य इथे पूर्ण सोडवून दाखवतो. ‘गिरणेचं आवर्तन वेळेवर सुटलं असतं तर गहू वाचला असता.’ लाल रेघा दोन: ‘सुटलं असतं’, ‘वाचला असता’. मधल्या घडीत दोन्हींसाठी ‘तेव्हा’. मराठीत दोन्ही बाजूंना एकसारखं ‘असतं’ आलंय, म्हणून मुलाचा हात इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहायला धावतो. इथे सर फळ्यावर एक उभी भिंत काढतात. ‘तर’च्या डावीकडे, म्हणजे अटीच्या बाजूला, ‘वुड’ला बंदी. तिथे ‘हॅड’ आणि व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. ‘तर’च्या उजवीकडे ‘वुड हॅव’ आणि व्ही-थ्री. ‘इफ द वॉटर हॅड बीन रिलीज्ड ऑन टाइम, द व्हीट वुड हॅव सर्व्हाइव्हड.’ इंग्रजी दोन बाजूंना दोन वेगळे कपडे घालतं, मराठी दोघांना एकच. चूक पाठांतराच्या आळसातून येत नाही, मराठीच्या सवयीतून येते. हे एकदा दिसलं की मूल स्वतःच स्वतःला पकडायला लागतं. नुसता तक्ता पाठ करून ही नजर येत नाही.

त्यानंतरची पायरी खरी अवघड आहे आणि बहुतेक पुस्तकं ती ओलांडून जातात. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ट्रॅक्टर घेतला असता.’ याचं इंग्रजी काय? बरोबर उत्तरं दोन आहेत. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर’. गेल्या खरिपातली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ ट्रॅक्टर’. मराठी वाक्य तेच राहतं, काळ ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा असतो. इंग्रजी तो क्रियापदात मागतं. म्हणून मधली घडी. ‘हॅड हॅड’ पाहून मुलं दचकतात आणि एक हॅड खोडतात. पहिला हॅड मदतनीस, दुसरा ‘हॅव’चं व्ही-थ्री, असं वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी लिहून दाखवल्यावरच खोडाखोड थांबते.

आणि जिथे मराठी मदत करते तिथेही सर थांबतात. ‘तेव्हा बदली घेतली असती तर आज नाशिकला असतो.’ मिक्स्ड कंडिशनल म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो, पण मराठीने इथे काम सोपं करून ठेवलंय. ‘घेतली असती’ जोडक्रियापद आहे, म्हणजे झालेली कृती, म्हणून ‘हॅड टेकन’. ‘असतो’ एकटं आहे, म्हणजे आत्ताची स्थिती, म्हणून ‘वुड बी’. ‘इफ आय हॅड टेकन द ट्रान्सफर, आय वुड बी इन नाशिक नाउ.’ मधल्या घडीत ‘तेव्हा’ आणि ‘आज’ असे दोन शब्द पडले की मिक्स्ड ओळखला. वेगळा तक्ता नको.

झीरो कंडिशनल, म्हणजे नेहमीच खरी असणारी गोष्ट सांगणारं वाक्य, अर्ध्या तासात संपतं आणि तेवढंच पुरे. पिकलेली फळं इथिलीन सोडतात, त्यामुळे बंद खोलीत केळी लवकर पिकते. ‘इफ यू कीप बनानाज इन अ क्लोज्ड रूम, दे राइपन फास्टर.’ रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या मुलांना याहून जास्त समजवायला लागत नाही.

‘अनलेस’ला एक पूर्ण संध्याकाळ दिली आहे. बारावी बोर्डाच्या पेपरात ‘अनलेस वापरून वाक्य पुन्हा लिहा’ येतं, त्यामुळे ती वाया जात नाही. चूक ठरलेली: ‘अनलेस यू डोन्ट पे, दे वोन्ट गिव्ह द रिसीट.’ हिचं मूळही मराठीतच आहे. ‘जोपर्यंत पैसे भरत नाही, तोपर्यंत पावती मिळणार नाही.’ मराठीत ‘जोपर्यंत’ला ‘नाही’ची साथ लागते. ‘अनलेस’च्या पोटात ते ‘नाही’ आधीच आहे. ‘डोन्ट’ खोडा, वाक्य बरोबर. दुसरी खूण अशी की लाल रेघेच्या वाक्यात ‘अनलेस’ शक्यतो घेऊच नका. ‘तो आजारी नसता तर आला असता’ याला ‘इफ ही वेर नॉट इल, ही वुड कम’ ठीक आहे, ‘अनलेस ही वेर इल’ लिहिलं तर घोळ होतो. ‘इन केस’ आणि ‘इफ’मधला फरक मात्र धावत सांगितला जातो. ‘पाऊस आला तर छत्री घेईन’ आणि ‘पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घेतो’, या दोन वाक्यांवर दहा मिनिटं जास्त दिली असती तर बरं झालं असतं.

आता सबजंक्टिव्ह. ‘इंग्रजीत सबजंक्टिव्ह मेलाय’ असं सांगून मोकळे होणारे क्लास बरेच आहेत. इथे आठवी, नववी आणि दहावी संध्याकाळ त्यावर जाते आणि सुरुवात पुन्हा मराठी व्याकरणाच्या पेपरातून होते. क्रियापदाचे चार अर्थ एमपीएससीच्या संयुक्त गटाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पण मराठीच्या वहीत ते लिहिणारा मुलगा इंग्रजीच्या वहीत सबजंक्टिव्ह पाहून घाबरतो, कारण दोन्ही वह्या एकमेकींना भेटतच नाहीत. इथे त्या भेटतात. ‘असतं’वाला संकेतार्थ मागच्या आठवड्यात झाला, आता ‘-आवं’वाला विध्यर्थ.

‘ग्रामसभेने मागणी केली की टँकर रोज यावा.’ मागणी केली, भूतकाळ. तरी ‘यावा’ हललं नाही. मागणी काल केली, आज केली, उद्या केली तरी ‘यावा’च. इंग्रजीतही तेच. ‘द ग्रामसभा डिमांडेड दॅट द टँकर कम एव्हरी डे.’ ‘केम’ नाही, ‘कम्स’ नाही, नुसतं व्ही-वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. टँकर एकच असला तरी एस लागत नाही. कर्मणी असेल तर ‘बी’: ‘शेतकऱ्यांना आठवड्याच्या आत पैसे दिले जावेत’ म्हणजे ‘दॅट द फार्मर्स बी पेड विदिन अ वीक’. नकारात ‘डज नॉट’ किंवा ‘डिड नॉट’ शोधायला जाऊ नये, ‘नॉट’ एकटंच क्रियापदाच्या आधी बसतं. ‘डॉक्टरांनी सल्ला दिला की पेशंटने प्रवास करू नये’: ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड दॅट द पेशंट नॉट ट्रॅव्हल.’ मराठीतल्या ‘नये’ला जसा काळ नाही, तसा या ‘नॉट’लाही नाही. हे जुळवून दाखवलं की ‘नॉट ट्रॅव्हल’ कानाला खटकणं थांबतं. ब्रिटिश वळणात याच जागी ‘शुड नॉट ट्रॅव्हल’ही चालतं, आणि ज्यांना नुसतं व्ही-वन लिहायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी तो सुरक्षित रस्ता आहे.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, आणि सर ते लपवत नाहीत. ‘-आवं’ मराठीत फार पसरलेलं आहे. ‘मुलांनी खरं बोलावं’ याला ‘शुड’ लागतं. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याला ‘आय वॉन्ट हिम टू कम’. ‘वॉन्ट दॅट ही कम’ लिहिलं तर चूक. म्हणून क्रियापदांची यादी पाठ करावीच लागते: डिमांड, सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट, प्रपोज, रिक्वेस्ट, ऑर्डर. जोडीला इसेन्शियल, व्हायटल, इंपॉर्टंट, नेसेसरी ही विशेषणं. नोट्समध्ये ही यादी अकराव्या पानावर आहे. ते एक पान भिंतीला लावण्याजोगं आहे.

आशीर्वाद आणि घोषणांचा सबजंक्टिव्ह पाच मिनिटांत होतो. ‘देव तुझं भलं करो’ मधला ‘करो’ आणि ‘गॉड ब्लेस यू’मधलं बिनएसचं ‘ब्लेस’, ‘चिरायु होवो’ आणि ‘लाँग लिव’. परीक्षेसाठी एवढं बास.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यात गंभीर चूक नोट्सच्या सतराव्या पानावर आहे. तिथे ठळक अक्षरात छापलंय की ‘इफ आय वॉज’ नेहमी चूक, ‘इफ आय वेर’ नेहमी बरोबर. हे ‘नेहमी’ काढायला हवं. गोष्ट खोटी किंवा काल्पनिक असेल तेव्हाच ‘वेर’. खरोखर घडून गेली असू शकेल अशा गोष्टीला ‘वॉज’च लागतं: ‘इफ आय वॉज रूड येस्टरडे, आय अपॉलजाइज.’ काल उद्धटपणा झालाही असेल, ती कल्पना नाही. तिथे ‘वेर’ लिहिणं म्हणजे बरोबर असलेलं बिघडवणं. बोलण्यात तर काल्पनिक वाक्यातही ‘वॉज’ सर्रास ऐकू येतं. परीक्षेत ‘वेर’ लिहा हा सल्ला बरोबर आहे, पण नियम म्हणून ‘नेहमी’ चुकीचा आहे. मजा म्हणजे लाल रेघेची त्यांचीच पद्धत लावली तर हा फरक आपोआप निघतो. ‘उद्धट झालो असेन तर’ मध्ये ‘असेन’ आहे, ‘असतो’ नाही, म्हणजे रेघच पडत नाही.

दुसरी उणीव त्या रेघेतच आहे. पेपरातल्या बातमीत रोज येणारं ‘याबाबत विचारणा केली असता’ हे वाक्य घ्या. इथे ‘असता’ आहे, पण अट नाही. अर्थ ‘विचारल्यावर’. म्हणजे ‘व्हेन आस्क्ड’. भाषांतराच्या प्रश्नात असं वाक्य आलं की लाल रेघ मारून मूल ‘इफ हॅड’कडे वळतं. उपाय एका ओळीचा आहे: ‘असता’च्या मागोमाग ‘तर’ आहे का ते बघा, नसेल तर रेघ खोडा. नोट्समध्ये ही ओळ नाही, वर्गातही ती आली नाही.

तिसरी उणीव म्हणजे ‘इन्सिस्ट’ आणि ‘सजेस्ट’चा दुसरा अर्थ. ‘ती हजर होती असं तो ठासून सांगत होता’ याला ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज प्रेझेंट’, आणि ‘तिने हजर राहावं असा त्याने आग्रह धरला’ याला ‘दॅट शी बी प्रेझेंट’. यादीत शब्द दिसला की डोळे झाकून व्ही-वन लिहायची सवय लागते, आणि पहिल्या वाक्यात ती फसवते. मराठीत ‘होती’ आणि ‘राहावं’ यांच्यातला फरक स्पष्ट आहे, त्यामुळे हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

उलट्या रचना शेवटच्या दिवशी पाऊण तासात दाटीवाटीने होतात. ‘हॅड आय नोन’, ‘वेर आय टू’, ‘शुड यू नीड’ एकामागून एक येतात. नकारात ‘हॅडन्ट आय नोन’ लिहायचं नाही, ‘हॅड आय नॉट नोन’ लिहायचं, ही गोष्ट तोंडी सांगितली जाते आणि बरीच मुलं ती उतरवून घेत नाहीत. ‘वुड’च्या जागी ‘कुड’ आणि ‘माइट’ घेता येतं, म्हणजे ‘येऊ शकला असता’, ‘कदाचित आला असता’, हेही ओझरतं होतं. ‘विश’ला अर्धी संध्याकाळ आहे, ती बरी जमते.

ऐकण्याचा सराव अजिबात नाही. बोलताना ‘आय वुड’ आणि ‘आय हॅड’ दोन्हींचं ‘आयड्’ होतं. पुढे व्ही-वन आलं तर ‘वुड’, व्ही-थ्री आलं तर ‘हॅड’, आणि ‘बेटर’ आलं तर ‘हॅड बेटर’, इतकं सोपं आहे ते. आयईएलटीएस ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी आणि बाहेरदेशी नर्सिंगला जाणाऱ्यांनी हे वेगळं करून घ्यावं. आयईएलटीएसच्या लेखनात व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा चार समान निकषांपैकी एक आहे, त्यामुळे दोन-तीन बिनचूक कंडिशनल तिथे नक्की कामाला येतात. तरी निव्वळ त्या परीक्षेसाठी बारा दिवस देणं जरा जास्त होईल.

वही तपासणीबद्दल चांगलंच लिहावं लागेल. रोज दहा वाक्यांचा गृहपाठ, दुसऱ्या दिवशी लाल पेनने तपासलेला. चूक नुसती खोडत नाहीत, मधल्या घडीत ‘कधी?’ला गोल करून परत देतात, म्हणजे मुलालाच सुधारायला लागतं. पंचवीस वह्यांपर्यंत हे नीट चालतं. तिशीच्या पुढे वह्या दोन दिवस मागे पडतात, आणि मग आदल्या दिवशीची चूक दोनदा गिरवली जाते. प्रवेश घेताना बॅचमध्ये किती मुलं आहेत ते आधी विचारा.

खोलीत मागच्या दोन बाकांवरून फळ्याचा उजवा भाग चमकतो आणि लाल खडू दिसत नाही. या पद्धतीत लाल खडूच सगळं काम करतो, म्हणून पुढच्या तीन रांगा गाठा. वर पंखे दोनच, एप्रिल-मेच्या बॅचला पाण्याची बाटली सोबत ठेवा. भुसावळ-पाचोऱ्याहून अप-डाऊन करणाऱ्यांना साडेआठला सुटून गाडी गाठायची घाई होते. त्यांना सर शेवटची दहा मिनिटं सोडतात, पण गृहपाठ फळ्यावर त्याच दहा मिनिटांत पडतो, म्हणून शेजाऱ्याला फोटो पाठवायला सांगून ठेवा.

बारावीचा विद्यार्थी, एमपीएससी किंवा बँकेची तयारी करणारे, आणि शाळेत इंग्रजी शिकवणारे शिक्षक, या तिघांना बॅच उपयोगी आहे. शिक्षकांना सगळ्यात जास्त, कारण मुलाची चूक मराठीतून कशी येते हे इथे हाताला लागतं. ज्यांना साधा वर्तमानकाळ आणि व्ही-थ्रीची रूपंच येत नाहीत त्यांनी आधी ती पक्की करून यावं. ‘हॅड वेंट’ लिहिणाऱ्याला ‘असतं’ची रेघ वाचवू शकत नाही.

दोनशे पानी लाँगबुक, लाल आणि निळं पेन न्या. नोट्स हातात पडल्या की सतराव्या पानावरचा ‘नेहमी’ पेनने खोडा, आणि पहिल्या पानावर, लाल रेघेच्या नियमाखाली, ‘पुढे तर आहे का?’ एवढं लिहून ठेवा.